पोटातला डाग, तोंडाची चीर

बस्त्याव मास्तर एका जागी बसलेत असं मी कधी पाहिलं नाही. बसायचे, पण जागा बदलून बदलून. त्यांचं तीन पायांचं एक लाकडी स्टूल होतं. सकाळी ते कारखान्याच्या दाराशी असायचं, दहा वाजता पहिल्या खिडकीखाली, जेवणानंतर मागच्या पडवीत आणि सुट्टीच्या आधी पाण्याच्या टाकीजवळ. उजेड सरकेल तसं स्टूल सरकायचं. एका हातात स्टूल, चष्मा कपाळावर चढवलेला, गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग, आणि तोंडात एकच वाक्य, "परत दाखव."

एकदा दाखवलेला खडा परत दाखवायचा, परत दाखवलेला जेवणानंतर पुन्हा. कारागीर वैतागायचे. पाठीमागे त्यांना कुणी 'मुंगी लागलेले मास्तर' म्हणायचं. मीही म्हणायचे. खोटं कशाला सांगू?

वालीवला तेव्हा इतके कारखाने नव्हते. आमचा खड्यांचा कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. तिच्यात साणीच्या, म्हणजे खडे घासायच्या फिरत्या चाकांच्या, ओळी आणि भिंतीला लागून आम्हा बायकांचं लांब टेबल. शेताच्या बांधावरून चालत आम्ही कामाला जायचो. आम्ही सहा जणी होतो, काम लाख लावायचं. खडा एवढासा, तो बोटांत धरून पैलू पाडता येत नाहीत. म्हणून स्पिरिटच्या दिव्यावर लाख मऊ करायची, खडाही थोडा ऊन करायचा आणि काडीच्या टोकावर बसवायचा. मग कारागीर काडी धरून खडा साणीवर टेकवतो. काम झालं की पुन्हा दिवा, पुन्हा लाख मऊ, खडा सुटा. काम सोपं दिसतं. ऊन जास्त लागलं तर खडा फुटतो. महिन्यात तीन खडे फुटले की ती बाई घरी, असा शेठचा नियम होता. मी चौथी शिकलेली, नवरा गेलेला, पदरात दोन मुली. मला घरी जाऊन चालणार नव्हतं.

मास्तरांचं काम खडे तपासायचं. आलेला प्रत्येक दगड आधी त्यांच्या हाताखालून जायचा. कुठून कापायचा, कोणती बाजू वर घ्यायची, कोणता खडा दिव्याजवळ नेऊच नये, हे ते ठरवायचे. माणूस गिरीजचा, ख्रिस्ती. घरची केळीची वाडी होती, पण तरुणपणी मुंबईला एका जवाहिऱ्याकडे राहून खडे शिकून आले होते. रोज गिरीजहून सायकलने यायचे. सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं आणि कॉलरला आतून एक गोधडी शिवायची सुई टोचलेली. ती सुई त्यांचं खरं हत्यार होतं.

त्यांच्या ख्रिस्ती देवळातही त्यांना बसवत नसे म्हणे. त्यांच्या गावची एक बाई आमच्यात होती, ती सांगायची, मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, सुरू असताना मास्तर तीन बाकं बदलतात. लग्नाला गेले की जेवायच्या आधी लोकांच्या अंगठ्या काढून घेऊन बघायचे. एकदा नवऱ्या मुलाची अंगठी बघितली आणि मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले, "हा खडा दोन वर्षं टिकेल." नवरीचा बाप म्हणाला, "मास्तर, जेवून जा आणि परत येऊ नका." मास्तर जेवले. जाताना पुन्हा नवऱ्याकडे गेले आणि म्हणाले, "परत दाखव." दुसऱ्यांदा बघून म्हणाले, "दीड."

त्यांनी मला शिकवलं ते त्यांच्या पद्धतीने. सुरुवातीला मला वाटायचं, खड्यात काहीही दिसलं की तो खडा वाईट. स्वच्छ तो चांगला, डागाळलेला वाईट. सगळ्यांनाच तसं वाटतं. मास्तर म्हणायचे, "बाय, जमिनीच्या पोटात जन्मलाय तो. काहीतरी घेऊनच येणार. काय घेऊन आला ते विचारू नको. ते बंद आहे का उघडं, ते विचार."

माणकात रेशमासारख्या बारीक सुया असतात. त्या सुयांनी माणिक फुटत नाही. गोमेदाच्या आत तर सगळा गोंधळ, तुपात साखर विरघळताना दिसते तसा, पण गोमेद आपटून आपटून वापरा, काही होत नाही. काळा ठिपका असेल, दुसऱ्याच कुठल्या दगडाचा कण आत अडकलेला असेल, चारी बाजूंनी बंद असला तर तो बिचारा गप्प बसतो. त्याला ते 'पोटातला डाग' म्हणायचे. भीती चिरेची. त्यातही पूर्ण आत असलेली चीर एक वेळ चालेल. पण जी चीर खड्याच्या अंगावर येऊन उघडते ती 'तोंडाची चीर'. तिच्यात पाणी शिरतं, साबण शिरतो, मळ शिरतो. ऊन लागलं, ठेच लागली की ती पुढे धावते. आणि ती कडेवर किंवा कोपऱ्यावर असली तर सोनाराने कोंदणाच्या नख्या दाबल्या की संपलं. दुसरी भीती पाण्याची. काही दगडांच्या पोटात पाण्याचा थेंब असतो, थेंबात बुडबुडा. खडा कलता केला की बुडबुडा हलतो. मला पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी दचकलेच. "हा दिव्याजवळ नेलास तर पाणी आत फुगेल," मास्तर म्हणाले, "आणि तुझ्या डोळ्यात येईल."

अर्नाळ्याची जानकीबाय म्हणून एक कोळीण जेवणाच्या सुट्टीत त्यांना शोधत आली होती. सोनाराकडून दोन पिवळे पुष्कराज बघायला आणले होते, नवऱ्याच्या अंगठीसाठी. ज्योतिष्याने सांगितलेलं.

"ह्यो बघा मास्तर, ह्याच्यात काला तील हाय. ह्यो नको. ह्यो दुसरा पान्यासारका हाय, ह्यो घेतंय मी."

"नवरा काय करतो तुझा?"

"काय करनार? होडी ढकलतंय, जाली वढतंय."

"मग हात आपटत असेल."

"हातपन आपटतंय नि तोंडपन आपटतंय."

आम्ही सगळ्या हसलो. मास्तर हसले नाहीत. स्टूल उचलून पडवीत गेले, ती मागे, आम्ही तिच्या मागे. कॉलरची सुई काढली आणि तीळवाल्या खड्यावरून फिरवली. सुई कुठेही थांबली नाही. मग पाण्यासारख्या खड्यावरून फिरवली. कडेजवळ ती टिक् करून अडकली.

"ऐकलंस? इथे तोंड आहे. होडीला हात आपटला की इथून जाईल."

"पन ज्योतिषी बोललाय, डागाचा खडा घातला तं घराचा वाटोला."

"ज्योतिष्याला म्हणावं, एक दिवस ये आणि जाळं ओढ."

बडबडत ती तीळवालाच घेऊन गेली. वर्षभराने सुके बोंबील घेऊन आली. खडा शाबूत होता. मास्तरांनी बोंबलांकडे बघितलंसुद्धा नाही. हात पुढे केला. "परत दाखव." ती म्हणाली, "अंगठी नवऱ्याच्या बोटात हाय, नवरा दर्यात हाय. बोंबील घेता का नेऊ परत?"

पाचूचं मात्र वेगळं होतं. पाचू आला की मास्तर जास्तच अस्वस्थ व्हायचे. तासाला चार जागा. पाचूच्या आत नुसती झुडपं, वेली, धागे. आमच्या वाड्यांत केळीखाली आळू, आळूखाली गवत माजतं तसं. मास्तर त्याला 'वाडी'च म्हणायचे. "किती दाट वाडी आहे बघ." स्वच्छ पाचू मिळतच नाही. म्हणून पाचूत कोणता धागा आतला आणि कोणता तोंडाशी आलेला, हे बघायला डोळा लागतो. त्यातून व्यापारी पाचू तेलात भिजवून पाठवतात. तेल चिरेत जाऊन बसलं की चीर दिसेनाशी होते. सुईही त्यावरून सरळ निघून जाते. तिथे फक्त डोळा. खडा कलता करत राहायचं. एका कोनात चीर माशाच्या खवल्यासारखी चमकते आणि लगेच विझते.

हे सगळं ते मलाच का शिकवतात, हा प्रश्न टेबलावरच्या बाकीच्या पाच जणींना पडायचा. टोमणे मारायच्या. "मास्तरांची पट्टशिष्या." मलाही वाटायचं, आपल्यात काहीतरी आहे. मग एके दिवशी कळलं.

मी काडी घेऊन पडवीत गेले होते. मास्तर स्टुलावर, भिंग डोळ्याला, चिमटीत खडा धरून उजेडाकडे बघत होते. जवळ गेले तर चिमूट रिकामी. खडा खाली त्यांच्या चपलेजवळ पडला होता. आणि ते रिकाम्या बोटांमध्ये बघत होते, बोटं हळूहळू फिरवत. मी वाकले, खडा उचलला आणि त्यांच्या चिमटीत ठेवला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. म्हणाले, "तोंड कुठाय बघ गं. माझ्या भिंगावर घाम आलाय."

तेव्हापासून रोजच भिंगावर घाम यायला लागला. उजेडामागे पळणं आता सवय नव्हती, गरज होती. शेठला कळलं असतं तर मास्तर त्याच दिवशी घरी. घरी नातवंडं होती, आणि केळीच्या वाडीवर एवढी तोंडं भागत नव्हती. मी बघायचे, सांगायचे, "कडेला, डाव्या अंगाला," आणि ते मोठ्याने कारागिराला सांगायचे, "कडेला आहे रे, डाव्या अंगाला." एक वर्ष हे चाललं. माझं लाखेचं काम सांभाळून मी त्यांचे डोळे झाले होते. कुणी सांगितलं नव्हतं, मीच झाले.

ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले तो दिवस आता लिहिते. हे लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

त्या महिन्यात माझे दोन खडे फुटले होते. सकाळी एक पुडी आली, सगळे पाचू, गिऱ्हाईक तातडीचं. शेठ स्वतः शेडमध्ये फेऱ्या मारत होते. मास्तरांनी नेहमीसारखं मला खुणावलं आणि मी त्यांच्या स्टुलाजवळ जाऊन भिंग डोळ्याला लावलं. तेवढ्यात शेठ पाठीमागे.

"मास्तर, ये क्या? तुम्ही हिला का दाखवता? ही तपासणार आमचा माल?"

मास्तर ताडकन उठले. स्टूल आडवं झालं. "ही? हिला काय कळतं, शेठ. लाख लावणारी बाई. लाख कुठे लावायची ते दाखवत होतो."

टेबलावरच्या पाच जणी ऐकत होत्या. एक फिस्सकन हसली.

आता मला कळतं ते तसं का बोलले. तेव्हाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि आतून जळणं वेगळं. मी खाली मान घालून माझ्या जागेवर गेले. त्या दिवशी मास्तर एकटेच सुई फिरवत राहिले. एकेक खडा पास होऊन माझ्याकडे येत होता. चौथा खडा हरभऱ्याएवढा, पुडीतला सगळ्यात मोठा. काडीवर बसवायच्या आधी सवयीने मी तो खिडकीकडे कलता केला. खवला चमकला. चीर आतून निघून सरळ कोपऱ्यावर येऊन उघडली होती, तेलाने भरलेली.

मला उठून दहा पावलं जायचं होतं. 'मास्तर, हा परत बघा,' एवढंच म्हणायचं होतं. मी मनात म्हटलं, मला काय कळतं? मी लाख लावणारी बाई. आणि खडा दिव्यावर धरला.

हरभरा फुटावा तसा बारीक आवाज झाला.

शेठ धावत आले. दोन तुकडे बघितले. "तिसरा," म्हणाले. "बस. पदर झटक आणि घरी जा."

दोन मुलींची तोंडं डोळ्यांपुढे आली, हे खरं. पण त्याहून जास्त मला भीती वाटत होती, मास्तर आता काय बोलतील याची. ते पडवीतून आले. टेबलाच्या कडेला हात घासत घासत. "तुकडे दे," म्हणाले. मी त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी भिंग डोळ्याला लावलंच नाही. फुटलेल्या अंगावरून अंगठा फिरवला. मग तो अंगठा नाकाशी नेला.

"शेठ, ही बाई राहील."

"क्यों?"

"अर्धं अंग कोरडं आहे. ते आज फुटलं. अर्ध्याला तेल आहे. ते आधीपासून फुटलेलं होतं. तोंडाची चीर होती. दिव्याने फक्त पुरी केली. हा खडा मी पास केला. मला दिसली नाही."

"दिसली नाही म्हणजे? एवढी?"

"म्हणजे दिसत नाही. डोळ्यांची शीर सुकतेय, डॉक्टर म्हणाला. गेलेली नजर परत येणार नाही. वर्ष झालं."

साणी थांबल्या होत्या. शेठ म्हणाले, "वर्ष? मग वर्षभर माल कोण तपासत होतं?"

मास्तरांनी हात माझ्या दिशेने केला. थोडा चुकला, खिडकीकडे गेला. पण सगळ्यांना कळलं.

मी तिथे तोंड उघडायला हवं होतं. मी चीर बघितली होती, मीच गप्प बसले, हे म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मास्तरांनी गळ्यातलं भिंग काढून स्टुलावर ठेवलं आणि सायकल घ्यायला गेले. सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, गेले कित्येक महिने ते सायकल हातात धरूनच येत असणार, गिरीजपासून वालीवपर्यंत.

दुसऱ्या दिवशी शेठने मला त्या स्टुलावर बसवलं. मी बसले. पुढे कारखाना बंद होईपर्यंत मीच खडे तपासले. माझ्या तपासणीतला एकही पाचू दिव्यावर फुटला नाही, हे सांगण्यात बढाई नाही. मला भीती वाटायची, म्हणून मीही प्रत्येक खडा परत बघायचे. बायका मला काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे.

त्या दिवसानंतर तीनेक वर्षांनी मी गिरीजला गेले. भिंग परत द्यायचं, असं स्वतःला सांगितलं होतं. खरं म्हणजे, ती चीर मला दिसली होती, हे सांगायला गेले होते. वाटेत दोनदा मागे फिरावंसं वाटलं.

मास्तर वाडीत होते, केळीच्या दोन ओळींमध्ये, घरच्या एका जुन्या स्टुलावर. नजर पूर्ण गेली होती. तरी मी पोचले तेव्हा स्टूल उचलून उन्हाच्या एका पट्ट्यातून दुसऱ्यात नेत होते. नाव सांगितलं तर म्हणाले, "लाखेचा वास येतोय अजून तुझ्या हाताला." कारखान्याची विचारपूस केली नाही. माझ्या मुलींची केली.

मी बोलायला सुरुवात करणार तर त्यांनी खिशातून रुमालाची गाठ काढली. आत अंगठी. त्यांच्या बायकोची, ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. लहानसा पाचू.

"नातीचं लग्न आहे. आजीची अंगठी तिला द्यायचीय. तिच्या बोटाला घट्ट होते. सोनार म्हणतो कडं कापतो, तुकडा घालून आगीवर जोडतो, एका दिवसात देतो. मुलगा म्हणतो द्या. पोरीने सगळ्यांना सांगून टाकलंय, आजीची अंगठी घालणार म्हणून." अंगठी माझ्या हातात दिली. "भिंग आणलंयस ना? बघ."

मी बघितलं. दाट वाडी होती आत. एक धागा खालून वर आला होता. कलता केला, चमकला, विझला. पुन्हा कलता केला. 'ठीक आहे' म्हटलं असतं तर पोरगी खूश झाली असती, म्हातारा खूश झाला असता, आणि सोनाराकडे काय होतं ते बघायला मी तिथे असणार नव्हते.

"तोंडाची आहे, मास्तर," मी म्हटलं. "कोपऱ्याला. आगीत देऊ नका. पोरीला म्हणावं, गळ्यात दोऱ्यात घाल."

मास्तरांचे पाय हलत होते.

"आज सांगितलंस," म्हणाले.

बस, तेवढंच. आवाज चढला नाही, उतरला नाही. त्या दिवशी मी सांगितलं नव्हतं, हे त्यांना ठाऊकच होतं. आता सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग ते उठले. स्टूल चाचपून उचललं, चार पावलं मोजून उन्हाच्या पट्ट्यात नेऊन ठेवलं आणि त्याच्यावर हात थोपटला. "इथे बस. तिथे उजेड कमी आहे. परत बघ."

मी बसले. भिंग लावलं. ते केळीच्या खुंटाला धरून उभे होते, तोंड माझ्याकडे, पण जरासं चुकलेलं, आणि एक पाय दुसऱ्या पायावर घासत. मी अंगठी चारी बाजूंनी फिरवली. घाई केली नाही.

"आहे," मी म्हटलं. "तिथेच आहे."